जावेची पाच नावं
तर्री-पोह्यांचा वास आला की नालवाडीच्या घरातली ती सकाळ आठवते. टीव्हीवर परदेशातला सिनेमा पुरस्कारांचा सोहळा चालू होता. कोण जिंकणार, ते मी आणि धाकट्या जावेनं आधीच कागदावर लिहून सासऱ्यांकडे दिलं होतं. सगळे सिनेमे मी पाहिलेले, तिनं एकही नाही. तरी तिची पाचही नावं बरोबर निघाली, माझं एकच. "धाकटी मोठी हुशार निघाली बाप्पा!" सासरे म्हणाले आणि माझा नुसता जळफळाट झाला. "तुक्का लागला तुले," मी म्हटलं. "नाई वो ताई, पोळ्या करताना तुम्हीच त सांगून राह्यल्या होत्या, कोणाचं काम चांगलं आहे ते. मी तेच लिहिलं." खरंच होतं, मी मात्र कागदावर माझे लाडके नट लिहिले होते. तिनं हे सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून तर मला तिचा जास्तच राग आला. तिला शाबासकी मी अजून दिलेली नाही.