धपाटा म्हणजे काय

अमेरिकेत, ट्रॉयमध्ये राहायला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मुलगी सात वर्षांची. शाळेत तिने तिच्या बाईंना सांगितलं की दूध सांडलं म्हणून आईने मला धपाटा दिला. हाताने दाखवलंही. असं काही कानावर आलं की शिक्षकांना कळवावंच लागतं, इथला कायदाच तसा. म्हणून मुलांच्या संरक्षणाच्या सरकारी खात्यातली एक बाई आमच्या घरी आली.

ती येण्याआधी नवऱ्याने ऑफिसातून फोनवर बजावलं, “जास्त एक्स्प्लेन करू नकोस, यार. फक्त येस-नो.” शेजारच्या काकूंनी ऐकवलं होतं, “अगं, मुलं घेऊन जातात!” घाबरायला हवं होतं. मी आपली मेथी निवडत बसले. डोकं ठप्प.

बाई मुलीशी तिच्या खोलीत एकटीने बोलली. मग माझ्यासमोर येऊन बसली. बाई चांगली होती, बूट दाराशी काढले होते. म्हणाली, आईबापांनी शिक्षा करायला कायद्याची ना नाही, पण मुलाला इजा होता कामा नये. मग वही उघडून तिने अडखळत वाचलं, “धा-पा-टा. शी सेज इट्स अ ब्रेड?”

मी मेथीची एक काडी मोडली.

“मिल्क सांडलं, सो यू गेव्ह हर ब्रेड,” असं काहीसं ती म्हणाली आणि हवेत थापून दाखवलं. “यू पॅट इट लाइक धिस?”

आमच्याकडे धपाटे होतात, ज्वारीच्या पिठाचे, ओल्या फडक्यावर थापलेले. पोरीने तेच पुढे केलं होतं. तिला कोणीही पढवलं नव्हतं. खरं बोलायची वेळ होती ती.

“येस,” मी म्हणाले. “ब्रेड.”

बाईने लिहून घेतलं, बूट घातले आणि गेली. सुटले, असंही वाटलं नाही. जो कायदा पोरीसाठी होता, त्याच्यापासून पोरीनेच मला वाचवलं, एवढं फक्त कळत होतं. त्याची लाज वाटायला पुढे बरीच वर्षं लागली.

जेवताना ती हळूच म्हणाली, “आई, आय डिडन्ट टेल हर अबाउट द अदर टाइम्स.”

मी “बरं” म्हणाले, भात वाढला. बाकीच्या वेळा मला आठवतही नव्हत्या.