साक्ष परत घ्या, वहिनी

"अध्याय कोणता? वचन कोणतं?"

एवढं म्हणून ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे. उपदेश चालू असो नाहीतर कोणाच्या घरी प्रार्थना असो, शास्त्राचं नाव घेऊन कोणी काही बोललं की मागच्या रांगेतनं हा प्रश्न यायचाच. सगळा जन्म सरकारी हापिसात फायली बघण्यात गेलेला. नंबराशिवाय कागद पुढं जात नाही, तसं वचनाशिवाय बोलणं पुढं जाऊ द्यायचे नाहीत.

तुमच्याही चर्चच्या मंडळीत असं एखादं माणूस असेल. ते उठलं की बायका पदराआड हसतात आणि पोरं म्हणतात, "चलो, आता अर्धा तास गेला."

नाव सांगत नाही. आम्ही सगळे त्यांना बाबूजीच म्हणायचो.

माझे मालक राजधानीत कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसात स्वयंपाकी होते. ते वारले, क्वार्टर सोडावं लागलं. मी लेकीला, करुणाला, घेऊन मुनिरक्यात एका खोलीत आले आणि शिकणाऱ्या पोरांचे डबे करायला लागले. बाबूजी दोन गल्ल्या पलीकडं एकटेच राहायचे. "सलाम वहिनी" म्हणत यायचे आणि दारातच उभे राहायचे. मी वडा दिला की खायचे. मी विचारायची, "याला नाही का विचारत, वचन कोणतं?" म्हणायचे, "याला नाही लागत. हा समोर दिसतोय."

करुणाला लहानपणापासून फिट यायची. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. गोळी चालू असली की महिना-महिना काही नाही. पण लग्नाचं जमलं की कोणीतरी जाऊन सांगायचं, आणि माणसं परत यायचीच नाहीत. सव्वीस वर्षांची झाली होती. आरशासमोर उभी राहून म्हणायची, "आई, मी काय अशीच राहणार का गं?" मी पीठ मळत राहायची.

आमची मराठी मंडळी एका दुकानावरच्या हॉलात भरायची. जुने पाद्री गावी गेले आणि नवे पास्टर आले. तरुण, गोड बोलणारे. म्हणायचे, "देव बिल्कुल बरं करतो, यार! मग गोळी कशाला? गोळी म्हणजे अविश्वास." एका रविवारी त्यांनी सांगितलं, ज्याचा विश्वास आहे त्यानं आपली औषधं आणून पुढं ठेवावी. परात माझ्याच घरची नेली होती. कोणी बीपीची टाकली, कोणी साखरेची. मी करुणाच्या टाकल्या.

आणि त्यांनी माझ्या हातात माइक दिला. "मावशी, साक्ष द्या. देवानं काय केलं ते सगळ्यांना सांगा." मी चौथी शिकलेली बाई. एवढ्या लोकांपुढं कधी बोलले नव्हते. म्हटलं, "माझी लेक बरी झाली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. करुणा रडत होती, हसतपण होती.

बाबूजी उठले. आम्हाला वाटलं, आता वचन विचारतील. ते चालत पुढं आले, परातीत हात घातला आणि करुणाची पाकिटं शोधून काढली.

"शुभवर्तमान लिहिणाऱ्यांत एक वैद्य होता," ते म्हणाले. "देवाला त्याची लाज वाटली नाही. तुम्हाला का वाटते?"

"अंकल, आप बैठिए ना."

"बसतो. आधी वचन दाखवा. औषध फेका, असं कुठं आहे?"

मागून कोणीतरी ओरडलं, "कंपाउंडर आला!" लोक हसले. बाबूजींनी माझ्याकडं बघितलं. "साक्ष परत घ्या, वहिनी. अजून वेळ आहे."

आणि मी, मीच म्हटलं, "खाली बसा हो बाबूजी. माझ्या लेकीच्या विश्वासात विघ्न आणू नका."

पुढच्या रविवारपासून त्यांना हॉलात यायला बंदी झाली.

त्यानंतर रोज सकाळी माझ्या दारात. "सलाम वहिनी. आजची गोळी." खिशातनं पाकीट काढायचे. मी दार लोटून घ्यायची. तीन आठवडे करुणाला काही झालं नाही. एवढे दिवस तिचे तसेही मोकळे जायचे, हे मला माहीत होतं. पण साक्ष देऊन बसले होते. आता गोळी दिली तर माझी साक्ष खोटी पडणार, देवासमोर दिलेली. आमच्यात ही एक चूक होते. माणूस साक्षीला धरून बसतो, लेकराला सोडतो.

एक दिवस मी पाणी भरायला गेले होते. परत आले तर करुणा दारात, आणि बाबूजी गोळी देत होते. तिनं तोंडात टाकली होती. मी तिचा जबडा धरला आणि गोळी थुंकायला लावली. बाबूजींनी खाली वाकून ती ओली गोळी उचलली आणि रुमालात बांधली. जाताना म्हणाले, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी आले तेव्हा करुणा जमिनीवर होती. एक फिट सरली की दुसरी. त्यांनीच रिक्षा आणली, त्यांनीच तिचं डोकं मांडीवर धरलं. वाटेत मी देवाला हाका मारत होते. ते म्हणाले, "मारा हाका वहिनी, मारा. पण तिला कुशीवर धरा." दुपारपर्यंत दवाखान्यात सगळं संपलं.

मातीला पास्टर आले होते. म्हणाले, या घरात कोणीतरी लपून गोळी दिली, म्हणून आशीर्वाद उठला. मी कबरीच्या कडेला उभी होते. वाटलं, आत उतरावं आणि वरनं माती ओढून घ्यावी.

बाबूजी म्हणाले, "ही पोर विश्वासानं गेली. तुमच्या शिकवणीनं गेली." दोघा जणांनी त्यांना दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं. एक चप्पल तिथंच राहिली.

मग ते दर रविवारी हॉलच्या जिन्याखाली उभे राहायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "गोळी घेतली का?" चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळींना त्यांनी पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. मला म्हणाले, "माझं कोणी ऐकत नाही, वहिनी. तुम्ही आई आहात. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

मी म्हणायची, "सांगते." आठवडे गेले. माझ्यानं त्या जिन्याची एक पायरी चढवेना. ते परत विचारायचे नाहीत, नुसतं "सलाम वहिनी" म्हणायचे. थंडीत एका सकाळी घरमालकानं त्यांचं दार उघडलं, तर ते खुर्चीवर बसल्या बसल्या गेले होते. पास्टरांनी माती द्यायला नकार दिला. दुसऱ्या मंडळीचे पाद्री आले. आम्ही चौघं जण होतो.

त्याच रविवारी मी जिना चढले. साक्षीची वेळ झाली तेव्हा माइक मागितला. त्यांना वाटलं, दुःखातली बाई आहे, काहीतरी गोड बोलेल. मी म्हटलं, "माझी लेक बरी झाली नव्हती. मी खोटं बोलले. तिची गोळी मी थुंकायला लावली. तुमच्या घरी ज्यांच्या गोळ्या बंद आहेत, त्यांना आज घरी जाऊन द्या."

माइक बंद झाला. पास्टर मोठ्यानं गाणं म्हणायला लागले, लोकही म्हणायला लागले. मी तशीच बोलत राहिले, माइकशिवाय, घसा बसेपर्यंत. मागच्या रांगेतनं "पुढं बोला, वहिनी" म्हणणारं कोणी नव्हतं.