टॅपेट कव्हर, पितळी टोपण आणि सुभेदार आबा

सुभेदार आनंदराव शेडगे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे आबा, इस्लामपूरला माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात पहिल्यांदा आले, तेव्हा मी त्यांना चक्क वेड्यात काढलं होतं. त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या अंकात असलं लिहू नका, असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं आहे. पण खरं ते खरं. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट. दारातच थांबून त्यांनी विचारलं, "जुनं टॅपेट कव्हर हाय का? तेल गळणारं असंल तरी चालंल."

इंजिनाच्या डोक्यावरचं ते लांबट झाकण. माझ्याकडं ढीग पडला होता. मी विचारलं, "कुठल्या इंजिनाला बसवायचंय?"

"इंजिनच न्हाई," आबा म्हणाले. "चाकं लावायची आणि उतारावरनं सोडायचं."

मी हसलो. ते हसले नाहीत. अर्धा तास ढिगाऱ्यात बसून त्यांनी एक कव्हर निवडलं आणि जाताना म्हणाले, "रविवारी मलकापूरला या. बघा तरी." गेलो, आणि कायमचा अडकलो!

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाच्या मेळाव्यात जीपा, बुलेटी, धूर ओकणारे ट्रॅक्टर अशा रांगा लागतात. पण दुपारी सगळी गर्दी पळते ती प्लायवूडच्या उतरणीकडं. दोन पट्ट्या, वर एक आडवी फळी. फळीला टेकून दोन टॅपेट कव्हरं उभी. खाली स्केटची चाकं, बाकी काही नाही. इंजिन नाही, सेल नाही, हातानं ढकलणं नाही. फळी पडली की सुटली! सात-आठ सेकंदांत खेळ खलास, आणि तेवढ्यात पन्नास-साठ वर्षांची माणसं अशी बोंबलतात, की शेजारच्या मंगल कार्यालयातलं लग्न थांबावं. हा खेळ आपल्या भागात आणला आबांनी. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात गाड्या दुरुस्त करून, निवृत्तीनंतर मलकापुरात गॅरेज काढलेल्या या माणसानं उतरणसुद्धा स्वतःच्या हातानं बांधली.

माझी पहिली गाडी मी कशी घालवली, तेही लिहितो. उसाच्या ट्रॉल्यांची बेअरिंगं विकण्यात आणि भरण्यात माझा जन्म गेलेला. मी सवयीनं चारही चाकांच्या बेअरिंगांत बोटानं दाबून-दाबून ग्रीस भरलं. फळी पडली. समोरची गाडी पोहोचली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझी गाडी अजून अर्ध्या उतरणीवर विचार करत होती. लय हशा झाला. आबांनी गाडी उचलली, चाकाला टिचकी मारली आणि मला बाजूला घेतलं. "विलासराव, ही काय उसाची ट्रॉली हाय व्हय? ग्रीस काढा. रॉकेलात धुवा, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब." पुढच्या मेळाव्यात मी त्यांच्याविरुद्धच उभा राहणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी सांगितलं. मी अर्थात तरीही हरलो.

आबांच्या मायेचा एक प्रसंग सांगायलाच हवा. माझ्या पत्नीचं कराडला ऑपरेशन झालं, तेव्हा दुकान बंद ठेवायची वेळ आली होती. आबा किल्ली मागून घेऊन गेले आणि आठ दिवस माझ्या गल्ल्यावर बसले. परत येऊन बघतो तर काय, निम्मं गिऱ्हाईक त्यांनी वाटेला लावलेलं. "ह्यो पार्ट बदलायची गरज न्हाई, जुनाच साफ करून बसवा," असं ज्याला-त्याला सांगत होते! मी डोक्याला हात लावला. पण ती सगळी माणसं आजही माझ्याकडंच येतात, आणि पहिल्यांदा आबांची खुशाली विचारतात.

शिस्तीच्या बाबतीत मात्र आबा कुणाचे नाहीत. जड गाडी उतारावर जास्त पळते, म्हणून वजन पाच किलोच्या वर नको, आणि जशी पळणार तशीच ती काट्यावर ठेवायची, हा नियम त्यांचाच. एकदा उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची गाडी त्यांनी भर मांडवात बाद केली. पाहुण्यांचा चेहरा उतरला. आबांनी त्यांना शेजारी बसवून चहा पाजला, पण गाडी काही उतरणीवर चढू दिली नाही.

आता ज्यासाठी लेखणी हातात घेतली, ते.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात अंतिम फेरीत मी आबांना हरवलं. तुम्ही सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं. इतकी वर्षं या माणसाच्या मागं पळत होतो, आणि माझ्या गाडीचं नाक अर्ध्या वितीनं पुढं निघालं! हरलेल्या आबांनीच शेवटच्या रेषेवरून माझी गाडी उचलून माझ्या हातात दिली आणि पाठ थोपटली. कप मी दुकानात, गल्ल्याच्या वर ठेवला. येईल त्याला दाखवत होतो.

महिन्याभरानं सौ. कपावरची धूळ पुसत होती. शेजारी गाडी होती. गाडीवर तेल ओतायच्या तोंडाला मी लेथवर मुद्दाम करून घेतलेलं पितळी टोपण. ती म्हणाली, "आवं, वजनाच्या वेळेला ह्ये टोपण तुमच्या खिशात हुतं न्हवं?"

होतं! मी ते टोपण मिरवत ह्याच्या-त्याच्या हातात देत होतो, तेवढ्यात वजनाला नाव पुकारलं, आणि मी ते शर्टाच्या खिशात टाकलं. काट्यावर गाडी चार किलो नऊशे भरली. मग फळीपाशी ऐटीत टोपण घट्ट बसवलं. आता दुकानच्या काट्यावर ठेवली, तर पाच किलो दीडशे!

मुद्दाम केलं नव्हतं, देवाशपथ. पण कळल्यावर बोललो नाही, ते मात्र मुद्दामच. आबांना एकदा तरी हरवलं, एवढीच माझी कमाई, आणि तीच हातची जाणार होती. मेळाव्याचं नाव काढलं की मी विषय बदलायचो. मग आपल्या मंडळाचा निरोप आला, "विलासराव, अंकासाठी आबांवर लिहा, तुम्ही तर त्यांना हरवणारा एकमेव माणूस!" त्या वाक्यानं जेवण गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच कप पिशवीत घातला आणि मलकापूर गाठलं.

आबा गॅरेजमध्ये जीपखाली होते. मी तिथंच उकिडवा बसून सगळं सांगितलं. ते बाहेर आले, हात पुसले.

"मला त्याच दिवशी कळलं हुतं," ते म्हणाले. "गाडी मीच उचलून दिली न्हवं का तुम्हाला? हाताला जड लागली."

"आवं आबा, मग बोलला का न्हाई?"

"काट्यावर मीच हुतो. टोपण हाय का न्हाई, ते बघायचं काम माझं. चूक माझी, आणि वर हरलेला बी मीच. कुठल्या तोंडानं बोलू?" मग मिशीत हसले. "पण तुमी वरीस लावलासा गड्या!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी कप पुढं केला. त्यांनी हातही लावला नाही. "घरपोच आलेला कप मला नको. सत्काराच्या दिवशी उतरण मांडा. मी हारबीर घालून घेतो, मग दोघं पळवू."

सत्कार समितीला विनंती, की रविवारी भाषणं आवरती घ्यावीत. कपावरचं माझं नाव मी घासून काढलंय. रविवारी दुपारपर्यंत तो कोराच राहील. वजनाला दुसरा माणूस बसवा, आणि माझे खिसेही तपासा.

आबा, तुमची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे कुरकुरू नयेत, आणि शंभरीच्या मेळाव्यातही तुमची गाडी पाच किलोच्या आत भरो. परमेश्वर सदैव तुमच्या पाठीशी उभा राहो. रविवारचे आठ सेकंद तेवढे त्यानं माझ्याकडं बघावं.