सेलेनियमवाल्या बाई

हातात आलेली प्रत्येक नळी बाई आधी खिडकीच्या उजेडात धरायच्या. आत पाण्यासारखं काहीतरी. त्यात उघड्या डोळ्यांना दिसणार काय? मिनिटभर बघून त्या म्हणायच्या, "बघून काय कळत नाय. मोजा." मग बघता कशाला, असं मी एकदा विचारलं. "सवय," म्हणाल्या.

तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल, पण आमच्या बाईंची सर त्याला येईल असं मला वाटत नाही. रत्नागिरीत आंबा, मासळी आणि कचेऱ्या सोडून आणखी काही होतं, हे बाहेरच्यांना पटत नाही. आमच्या छोट्या प्रयोगशाळेत माणसाच्या शरीरातली प्रथिनं जिवाणूंकडून बनवून घेतात, संशोधकांसाठी. तीही साधी नव्हेत, एका नेमक्या जागी सेलेनियम हे मूलद्रव्य लागणारी. हे काम बाईंनी उभं केलं. इथल्याच मांडवीतल्या एका खलाशाची ही मुलगी. मुंबईचा भाऊ दर गणपतीत विचारायचा, तू तिथे नक्की करतेस काय? "माणसाच्या आंगातला बनवतो, माणसाला हात न लावता," एवढं सांगून त्या मोदक वळायला बसायच्या.

जिवाणू मोठे लबाड. सेलेनियम मिळालं नाही, तर त्या जागी भलतंच काही बसवतात आणि प्रथिन पूर्ण करून देतात. लांबी तीच, वजन जवळजवळ तेच, फक्त ते काम करत नाही. "मोदक झाला, सारण नाय," असं बाई म्हणायच्या.

मी त्यांच्या हाताखाली आलो तो दूध डेअरीतून. रंग बदलला की माल नासला, हे माझ्या अंगात भिनलेलं. जिवाणूंना सेलेनियम जरा जास्त झालं की ते लालसर होतात. मला वाटलं, नासले. बाई रजेवर होत्या. मी शहाणपणा केला आणि पुढच्या खेपेला सेलेनियम जवळजवळ बंदच केलं. लाली गेली, मी खूश. लांबी तेवढी तपासली आणि माल पुण्याच्या एका संशोधक मुलीकडे पाठवून दिला.

बाईंनी परत आल्यावर त्या खेपेतला राखून ठेवलेला नमुना मोजायला पाठवला. अहवाल यायला दोन महिने लागले. सेलेनियम नावालाच होतं. मी सगळं कबूल केलं. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, तक्रार आलेली नाही, पुढची खेप चांगली देऊ आणि विषय संपवू. एवढीशी प्रयोगशाळा, एकदा नाव गेलं की टाळंच लावायचं, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. बाईंनी वाद घातला नाही. साहेबांच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि पुण्याच्या त्या मुलीला लावला.

पलीकडचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. ती मुलगी रडकुंडीला आली होती. प्रयोग सारखे फसत होते, तिचे सर म्हणत होते की तुझ्या हातात कसब नाही, आणि ती संशोधन सोडून घरी जायला निघाली होती. बाई ऐकत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "तुझ्या हाताला खोट नाय, बाय. खोट आमच्या नळीत होती. चूक माझी."

मला बाईंचा इतका अभिमान वाटला, की स्वतःची लाज वाटायचीच राहून गेली. लाज नंतर, मी घरी गेल्यावर वाटली, आणि पुरेपूर वाटली. साहेब आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. नवी खेप बाईंनी माझ्याच हातून करून घेतली.

गेल्या वर्षी बाई गेल्या. तापाचं निमित्त झालं.

मागच्या महिन्यात ती मुलगी रत्नागिरीला आली. आता तिच्या हाताखाली विद्यार्थी आहेत. बाईंना भेटायचं म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून आली होती. त्या नाहीत हे मला सांगावं लागलं. ती त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. मला राहवेना. ती चूक माझी होती, हे मी तिला सांगून टाकलं.

"मग त्यांनी स्वतःवर का घेतली?" तिने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी मला परत त्याच कामावर उभं करायचं होतं त्यांना," मी म्हणालो. "आणि केलंच त्यांनी."