ॲसिडच्या पाइपवर दसऱ्याचा रंग

दसऱ्याला खामगावला मावसभावाकडे जायचं आणि तिथून संग्रामपूरच्या बाजूने सातपुड्यात दोन दिवस भटकायचं, एवढाच बेत होता. कारखान्यांतले पाइप तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे सुट्टीत पाइपाचं तोंडही बघायचं नाही असं ठरवूनच निघाले.

पुण्याहून पहाटे निघालात तर जालना, चिखली करत दुपारी चारपर्यंत खामगाव येतं. चिखलीनंतर सोयाबीनचे ट्रॅक्टर पुढे लागले की घाई विसरा. वाटेत भाकरी-पिठलं सव्वाशेत पोटभर मिळालं. ठेचा मात्र जपून खा, माझ्या कानांतून वाफा निघाल्या!

दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या सकाळी, मावसभाऊ सुधाकरदादाने हौसेने तो काम करतो ती कंपनी दाखवायला नेलं. गावाबाहेरचा रसायनांचा छोटा कारखाना. उद्या यंत्रपूजेला कामगारांची बायकापोरं येणार म्हणून सगळे पाइप पिवळेधमक रंगवलेले, त्यांवर झेंडूची तोरणं. पूजेची जागा नेमकी ॲसिडच्या पाइपाच्या वळणाखाली. त्या वळणावर रंगाला फोड आला होता आणि खालचं काँक्रीट खाल्लं गेलं होतं.

"दादा, याची जाडी शेवटची कधी मोजली?"

"जाडी काऊन मोजा लागते? दर दसऱ्याले दोन हात मारतो ना आम्ही रंगाचे. पाह्य, कसा नवा दिसून राह्यला!"

"अरे, ॲसिड आतून खातंय त्याला! उद्या वहिनी आणि पोरं याच्याच खाली बसणार ना?"

दादा मला घेऊन थेट मॅनेजरांकडे गेला. मॅनेजर म्हणाले, "पूजा होऊ द्या, मग पाहू." साहेबांपुढे कधी तोंड न उघडणारा माझा दादा म्हणाला, "साहेब, मी लाइन बंद करून राह्यलो. मले काढाचं असन तं काढा." आणि त्याने खरंच व्हॉल्व्ह बंद केला.

संध्याकाळपर्यंत पाइप रिकामा करून, धुऊन वळण खाली उतरवलं. फिटरने फोड खरवडायला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार गेला. दुसऱ्या दिवशी पूजा बाहेर लिंबाखाली झाली. सातपुडा राहिलाच, माझं मनच लागेना.

तुमच्यापैकी कोणी अशा कारखान्यात असेल, तर पाइपांच्या वळणांची जाडी यंत्राने मोजायला लावा. रंगावर जाऊ नका.

हे मी सांगतेय खरी, पण घरी आल्यावर माझेच जुने अहवाल उघडले. तीन कारखान्यांच्या अहवालांत माझ्या सहीनिशी लिहिलेलं: 'बाहेरून पाहिले, रंग उत्तम, पाइप ठीक.' जाडी मोजलीच नव्हती. लगेच पहिल्या कारखान्याला फोन लावला आणि ती लाइन चालू आहे का विचारलं.

"चालूच आहे की मॅडम. कालच रंग दिलाय."