कवळ्या करणारी जाऊ आणि गाडीची चार चाकं

माझ्या धाकट्या जावेने एकतीस वर्षं लोकांचे दात घासले, तेही त्यांच्या तोंडाबाहेर. ती कवळ्या करायची. दाताच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, आणि ही टेबलाशी वाकून कवळी ओतायची, कोरायची, घासून चकचकीत करून पाठवायची. मग दात छापून काढणारं मशीन आलं आणि लॅबच्या मालकाने तिला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी बसवलं. ज्याच्याकडे वेळ सोडून दुसरं काही उरलेलं नाही, त्याला घड्याळ देणाऱ्यांचं डोकं मला कधीच कळलेलं नाही.

घरी बसणं तिच्या हातांना जमेना. सहा महिन्यांत तिने घरातले नळ, कड्या, कुलपं सगळं आरशासारखं केलं. आता माझ्या टकलाची पाळी, असं तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, येईल त्याला सांगायचे. मीही तिला स्पष्टच म्हटलं, बाई गं, काहीतरी काम शोध, नाहीतर हे घर झिजून जाईल.

काम फाटकासमोरच उभं होतं. आमच्या समोर ड्रायव्हिंग स्कूल आहे. सात गाड्या, सगळ्यांना अलॉयची चाकं, आणि एकूण एक रिम उंदरांनी कुरतडल्यासारखी. शिकाऊ माणूस गाडी कडेला लावायला जातो आणि चाक फुटपाथला घासतो, त्याला तरी काय करणार? ही रोज खिडकीतून ती चाकं बघायची. एक दिवस तडक रस्ता ओलांडून गेली आणि मालकाला म्हणाली, ही मला द्या, मी नवी करून देते.

मालक हसला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने आपली रडकथा सांगितली. दोनदा दुकानातून करून आणली होती. दिसायला देखणी, पण पहिल्याच घासण्याला खड्ड्यांत भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, खपलीसारखी उचकटून पडली.

"चमक मला कोणीही देईल, बाई," तो म्हणाला. "टिकाव दाखवा."

ठरलं ते असं. शनिवारी दुपारी एक गाडी मिळणार, सोमवारी सकाळी आठला ती परत द्यायची. भरलेलं टिकलं, तर साती गाड्यांचं काम कायमचं तिच्याकडे. नाही टिकलं, तर पुन्हा विचारायला यायचं नाही.

ती परत आली तेव्हा तिचे गाल विशीतल्या पोरीसारखे लाल झाले होते. "ताई, सात गाड्या म्हणजे अठ्ठावीस चाकं." मी म्हटलं, स्टेपन्या विसरलीस.

शनिवारी आम्ही दोघींनी जॅक लावून गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. चाकं काढली, साबणाने धुतली, आणि ही एकेका रिमच्या कडेवरून नख फिरवत गेली. पेशंट तपासावा तसं. मधे मधे "अरेरे" म्हणायची. भाऊजींनी फोनवर काय काय बघून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं, आधी खड्डा पॉलिश पेपरने गुळगुळीत करायचा आणि मग त्यात मसाला भरायचा; जगात सगळे असंच करतात.

"म्हणूनच सगळ्यांचं निघतं," जाऊ म्हणाली. "गुळगुळीत जागेवर काही धरत नाही. तुटलेली कवळी जोडताना आम्ही ती कड आधी आणखी खरखरीत करायचो."

आणि तिने आपली जुनी कापडी गुंडाळी उलगडली. तिच्यातून कवळ्या कोरायचं बोटाएवढं यंत्र निघालं. ते लावून ती प्रत्येक खड्ड्यात आडव्यातिडव्या बारीक खाचा पाडायला लागली. लोकाची गाडी, आणि ही खड्ड्यात आणखी खड्डे खणतेय! भाऊजी तर म्हणाले, आता चाकांबरोबर माझंही नाक कापलं जाणार. तिने मान वर केली नाही. खाचा झाल्यावर दोन ट्यूबांतला मसाला कालवला, खड्ड्यांत दाबून दाबून भरला आणि रात्रभर कडक व्हायला ठेवून दिला.

रविवारी सकाळपासून घासकाम. आधी जाड पेपर, मग मध्यम, मग पाणी लावून अगदी बारीक. चार चाकं, दोन बायका, आणि माझ्या बोटांची सालं. पण मसाला कुठे संपतो आणि धातू कुठे सुरू होतो हे बोटाला कळेनासं झालं तेव्हा सांगते, अंगावर काटा आला. टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि रिम यांच्या फटीत पत्ते खोचायचे असतात. भाऊजींचा रमीचा कॅट त्यात गेला. बदामची राणी चंदेरी झाली, तेव्हा ते उठून आंघोळीला निघून गेले.

तिथेच घोळ झाला. आम्ही घरामागच्या बोळात पडदे बांधून रंग मारत होतो, आणि न्हाणीघराची खिडकी त्याच बोळात उघडते. रंगावर लॅकरचा शेवटचा पारदर्शक थर वाळत होता आणि भाऊजी आत अर्धा तास कढत पाणी ओतत होते. वाफ बाहेर आली आणि चौथं चाक बघता बघता दुधासारखं पांढरं झालं. मला वाटलं, संपलं. जाऊ मात्र नवऱ्याच्या नावाने एक शब्द बोलली, जो मी इथे लिहिणार नाही, आणि धावत जाऊन केस वाळवायचं यंत्र घेऊन आली. दोन हात लांबून कोमट वारा, हळूहळू, गोल गोल. पंधरा मिनिटं मी पडदा धरून उभी. कडेपासून पांढरेपणा विरत गेला आणि खालची चांदी वर आली. तेव्हा आम्ही दोघी खदाखदा हसत सुटलो.

सोमवारी चाकं परत चढवून गाडी फाटकात उभी केली, आणि आठला मालक आला. चारी चाकांवरून अंगठा फिरवला. मग त्याने एका बँकेतल्या कॅशियर बाईंना हाक मारली. या बाई चौथा महिना शिकताहेत आणि बाकीचे विद्यार्थी त्यांना रणगाडा म्हणतात. त्यांना त्याने स्टिअरिंगवर बसवलं आणि सांगितलं, फाटकातून बाहेर काढा आणि फुटपाथलगत उभी करा.

जाऊने माझं मनगट असं आवळलं की बांगडीचा वळ उठला. ताटावर सुरी ओढावी तसा आवाज झाला आणि गाडी थांबली.

पुढचं डावं चाक. वीतभर रंग सोलून निघाला होता. जाऊ उकिडवी बसली, ओरखड्यातून नख फिरवलं आणि मालकापुढे स्क्रू ड्रायव्हर धरला. "इथे भरलेलं आहे. उचकटून बघा."

त्याने बघितलं. एकदा हळू, मग जोर लावून, मग गुडघे टेकून. रंग आणखी निघाला, पण मसाला जागचा हलला नाही. तो गुडघे झटकत उठला. म्हणाला, उद्या पांढरी गाडी पाठवतो, परवा निळी, मग ओळीने सगळ्या.

कॅशियर बाई उतरून रडायच्या बेतात माफी मागत होत्या. जाऊने त्यांचा खांदा थोपटला. "अहो, माफी कसली? फार छान घासलीत."

मग मालकाला स्टेपनी लावून शिकवणी चालू ठेवायला सांगितलं, आणि मी काही बोलायच्या आत ते चाक काढायला खाली बसली.