जिनाच्या फाटकावरचा अनुभव

आमच्या अर्जवाल्या काकांच्या मते बिनकामाचा माणूस या जगात अजून जन्माला यायचा होता. पुलगावात आमच्या मागच्या घरात राहणारे हे रिटायर्ड मास्तर पोरांचे नोकरीचे अर्ज हौसेनं लिहून देत आणि त्यापायी समोरच्याला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडत. हॉटेलात कपबश्या विसळणाऱ्या एकाच्या अर्जात त्यांनी ‘घाईतही हातून काही फुटत नाही’ असं ठोकून दिलं होतं. एका लग्नात तर वाढप्यालाच थांबवून ‘तू आधी काय करत होता बापा?’ म्हणून चौकशी करत बसले आणि अख्खी पंगत वरणावाचून ताटकळली.

मॅट्रिकनंतर मी वर्ध्याच्या एका कचेरीत अर्ध्या दिवसाच्या कारकुनीसाठी अर्ज करणार होतो. ती मिळाली तरच कॉलेज, नाहीतर शिक्षणाला रामराम. अनुभव काय, तर कापसाच्या हंगामात जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, केलेली नोकरी.

“काय करत होता जिनात?”

“काई नाई काका, फाटकावर उभा राहत होतो.”

“उभा त खांबही राह्यते! तू काय करत होता?”

“गाडीवान नंबरासाठी भांडत. मंग जो येईन त्याची बैल हाकाची पराणी घेऊन ओळीनं मांडत होतो. ज्याची पराणी पुढं, त्याची गाडी आत.”

“मंग थेच लिहू ना!”

काकांनी तेच लिहिलं. मुलाखतीत साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं, सगळे फिसकन हसले आणि माझे कान तापले. तेवढ्यात बाहेर उमेदवारांची नंबरावरून झोंबाझोंबी सुरू झाली.

“जा, दाखवा तुमचा अनुभव,” साहेब म्हणाले.

पराण्या कुठल्या असायला! मी प्रत्येकाची एकेक चप्पल काढून घेतली आणि आल्या क्रमानं व्हरांड्यात मांडली. एका पायात चप्पल घालून कोण घुसणार? सगळे मुकाट्यानं बसले. साहेब दारात येऊन पोट धरून हसले, आणि नोकरी मला मिळाली. परतताना मी काकांसाठी पेढे घेतले.

पेढा तोंडात टाकून काका म्हणाले, “पुढच्या अर्जात चपलाही लिहिजो.”

मी गमतीनं विचारलं, “काका, तुमच्या अर्जात काय लिहाचं?”

“माया अर्जात? मी त जन्मभर फळ्यासमोर नुसता उभा होतो.”

“उभा त खांबही राह्यते, काका.”

ते गालातल्या गालात हसले आणि चष्मा पुसत राहिले. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आज ते असते तर त्यांचा अर्ज मीच लिहून दिला असता.